वाचनाची चाचणी, डिस्लेक्सिया आणि शाळेवरचे बंधन

प्रश्न : आम्ही ठाण्याहून कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे आलो. मुलगा आता दुसरीत आहे. एकदा ऐकलेली गोष्ट तो बारीकसारीक तपशिलांसह सांगतो; पुस्तक हाती दिले की मात्र चित्राकडे पाहून अंदाजाने वाचतो. परवा 'हॉर्स' छापलेले असताना त्याने बिनदिक्कत 'पोनी' वाचले. शिक्षिका म्हणतात, घरी मराठी असल्याने असे होते, वर्षभर थांबा. माझ्या भाच्याला मुंबईत नववीत अध्ययन-अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळाले आणि दहावीला जादा वेळ मिळाला. येथे असे प्रमाणपत्र कोण देते? शाळेवर कायद्याचे काही बंधन आहे का?
– एक आई, सॅन होजे

उत्तर : प्रमाणपत्रासाठी रुग्णालयाचे उंबरठे झिजवू नका. तुमच्या राज्याने २०२३ साली केलेल्या कायद्यानुसार, २०२५-२६ या शालेय वर्षापासून किंडरगार्टन (पहिलीच्या आधीचा वर्ग) ते दुसरीच्या मुलांची, वाचनात अडचण येण्याचा धोका आहे का हे पाहणारी चाचणी सरकारी शाळांनी दरवर्षी घ्यावयाची आहे. पालकांना १५ दिवस आधी तशी सूचना आणि चाचणीनंतर ४५ दिवसांत निकाल मिळायला हवा. तो मिळाला नसेल तर प्रथम तो मागा. ज्या मुलांना इंग्रजी पुरेसे येत नाही, त्यांच्या मातृभाषेतील प्रगतीची आणि घरातील पूर्वेतिहासाची दखल घेण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. त्यामुळे 'घरी मराठी आहे' हे थांबण्याचे कारण होऊ शकत नाही. भाच्याची हकिगत तर आवर्जून सांगा, कारण डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरे व ध्वनी जोडून शब्द वाचण्यातली अडचण, पुष्कळदा एकाच कुटुंबात आढळतो. आणि कृपा करून घरातली मराठी बंद करू नका.

ही चाचणी म्हणजे निदान नव्हे. संपूर्ण तपासणीसाठी शाळेला लेखी अर्ज द्या, त्यावर तारीख घाला आणि प्रत जपून ठेवा. अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत शाळेने तपासणीचा आराखडा पाठवायचा असतो. तुम्ही त्यावर संमतीची सही केल्यानंतर ६० दिवसांत, मोठ्या सुट्ट्या वगळून, तपासणी पूर्ण करून मुलासाठीच्या मदतीची योजना ठरवणारी बैठक घ्यावी लागते. नकार द्यायचा असेल तर शाळेने तो कारणांसह लेखी दिला पाहिजे. 'आधी वर्गात जादा मदत करून पाहू' असे सांगून तपासणी लांबवता येत नाही, हे अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याने २०११ मध्येच राज्यांना कळवले आहे. 'आम्ही डिस्लेक्सिया हा शब्द वापरत नाही' असे कोणी म्हणालेच, तर १९७५ पासून चालत आलेल्या केंद्रीय विशेष शिक्षण कायद्याच्या व्याख्येत तो शब्द आहे आणि तो वापरण्यास कोणतीही मनाई नाही, असे त्याच खात्याने २०१५ मध्ये स्पष्ट केले, याची आठवण करून द्या. शाळेच्या तपासणीचा निष्कर्ष पटला नाही, तर सरकारी खर्चाने स्वतंत्र तपासणीची मागणी करता येते.

भाच्याला मिळाली तशी जादा वेळेची सवलत येथेही अपंगांशी भेदभावाला मनाई करणाऱ्या, १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ खाली मिळू शकते. परंतु दुसरीतल्या मुलासाठी एवढ्यावर समाधान मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जादा वेळाने परीक्षा पार पडेल; वाचता येणार नाही. मुलाच्या योजनेत अक्षर आणि ध्वनी यांची क्रमवार शिकवणी कोण देणार, आठवड्यातून किती वेळ देणार, हे नेमके लिहून घ्या.

'पोनी'चा दोष मात्र मुलाच्या माथी मारू नका. चित्र पाहा, संदर्भ पाहा आणि शब्द ओळखा, असे अनेक अमेरिकी शाळा वर्षानुवर्षे शिकवत आल्या. ध्वनी आणि अक्षरे पद्धतशीर शिकवल्याचा लाभ अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० सालीच मांडला होता, तरी ओहायो आणि इंडियाना या राज्यांनी अंदाजाच्या पद्धतीला कायद्याने आळा घातला तो २०२३ मध्ये. कॅलिफोर्नियाने २०२५ च्या कायद्यात पुराव्यावर आधारित पाठ्यसाहित्य व शिक्षक-प्रशिक्षणावर भर दिला, पण सरसकट सक्ती टाळली. म्हणून तुमच्या वर्गात कोणती पद्धत चालते, हे तुम्हालाच विचारावे लागेल.

प्रश्न : अमेरिकेतील मिसिसिपीत तिसरीला वाचता न येणाऱ्या मुलांना त्याच वर्गात बसवतात आणि त्यामुळे ते राज्य पुढे आले, असे वाचले. आपल्याकडे तसे का करू नये?
– एक निवृत्त मुख्याध्यापक, पुणे

उत्तर : चौथीच्या वाचनात मिसिसिपी २०१३ मध्ये राष्ट्रीय चाचणीत ४९ व्या स्थानी होते, २०२४ मध्ये नवव्या स्थानी आले, हे खरे. पण २०१३ च्या त्या कायद्यातले गाजले तेवढे नापास करणे. त्याच्या जोडीने सर्वांत कमकुवत शाळांत वाचनाचे मार्गदर्शक शिक्षक पाठवले गेले, शिक्षकांना नव्याने प्रशिक्षण दिले गेले आणि धोक्यातील मुले किंडरगार्टनपासूनच हेरली जाऊ लागली. तिसरीच्या मुलांना फेरपरीक्षेची संधी असते आणि काही अपंग व नुकतेच इंग्रजी शिकू लागलेल्या मुलांना सूटही असते. आपल्याकडे २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, पुरवणी परीक्षा आणि तीतही अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद झालीच आहे. पाचवी म्हणजे उशीर झाला. मिसिसिपीकडून काही घ्यायचेच असेल, तर पहिलीच्या वर्गात जाऊन शिक्षकाशेजारी बसणारा तो मार्गदर्शक घ्यावा.