वाचक विचारतात: ‘कटी पतंग’चा मांजा कुठला?

प्रश्न: परवा बार्बरा स्टॅनविकचा १९५० चा ‘नो मॅन ऑफ हर ओन’ बघितला. रेल्वे अपघातात मेलेल्या बाईच्या नावाने हिरॉईन तिच्या सासरी जाऊन राहते. हा तर आपला ‘कटी पतंग’च झाला की! मग आपला ढापलेला म्हणायचा का?
– एक वाचक, मिरज

उत्तर: म्हणा हवं तर, पण मूळ दोघांचंही एकच आहे, कॉर्नेल वूलरिचने विल्यम आयरिश या टोपणनावाने लिहिलेली १९४८ ची ‘आय मॅरिड अ डेड मॅन’ ही कादंबरी. त्यावर मिचेल लायसनने स्टॅनविकला घेऊन सिनेमा केला आणि वीसेक वर्षांनी शक्ती सामंतांनी आशा पारेखला घेऊन, कथा मात्र गुलशन नंदांच्या नावावर.

पण गंमत बघा, दोघी लपवतात काय ते सेम नाहीये. स्टॅनविकची हेलन लग्नाशिवाय गरोदर आहे, प्रियकर दार उघडत नाही, नुसतं गाडीचं तिकीट सरकवतो. गाडीत भेटलेली पॅट्रिस, तीपण गरोदर, सहज स्वतःची लग्नाची अंगठी हेलनला घालायला देते आणि तेवढ्यात अपघात. हॉस्पिटलवाले अंगठी बघून हिलाच पॅट्रिस समजतात, सासरच्यांनी सुनेला कधी बघितलेलंच नसतं, आणि ही बाळासाठी गप्प बसते. म्हणजे खोटं तिचं स्वतःचं आहे, कुणी सांगितलेलं नाही. आपल्याकडे एवढी हिंमत कोण करणार! आपली माधवी भर लग्नातून पळालेली आहे इतकंच, मूल मैत्रिणीचं, आणि मरताना ती मैत्रीण पूनमच वचन घेते की माझी जागा तू घे. झालं, हिरॉईनच्या अंगाला काही चिकटायला नको म्हणून सगळी सोय.

तरीपण मला एका बाबतीत हिंदीवाला उजवा वाटतो. हेलनला त्या खोट्यापायी घर मिळतं, माया करणारी सासू मिळते, आणि दीर प्रेमात पडतो. माधवीला मिळतं वैधव्य! लग्न झालेलंच नाही आणि रोज पांढरी साडी, होळीला सगळे रंगात न्हालेत आणि ही बाजूला उभी, शिवाय ज्याच्या मांडवातून पळाली तोच समोर, आणि त्याने हिचा चेहराच बघितलेला नाही, त्यामुळे तो निवांत आणि हिच्या जिवाला घोर. आशा पारेखला फिल्मफेअर मिळालं ते उगीच नाही.

जमलं तर कादंबरीपण वाचा. स्टॅनविकच्या सिनेमात तो जुना प्रियकरच पुढे हेलनला ब्लॅकमेल करतो, त्याला कुणी मारलं ते शेवटी कळतं, घरचे सगळे सुटतात. कादंबरीत नाही कळत, हेलन आणि तो दीर नवराबायको होऊन एकमेकांवर संशय घेत एकाच घरात राहतात आणि दोघांनाही माहितीये की हे फार दिवस टिकणार नाही.