परीस माणसाला अमर करतो का?

डिचोलीच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या सातवीच्या मुलांनी शाळेच्या भित्तिपत्रकासाठी हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाचा परिचय मराठीत लिहिला आणि त्यातल्या 'फिलॉसॉफर्स स्टोन'साठी, म्हणजे सोनं करणाऱ्या आणि माणसाला अमर ठेवणाऱ्या दगडासाठी, सगळीकडे 'परीस' असा शब्द वापरला. मुख्याध्यापकांनी त्याखाली लाल रेघ मारली. परीस लोखंडाचं सोनं करतो, माणसाला अमर करत नाही, तेव्हा शब्द चुकला, असं त्यांचं म्हणणं. बाई विचारतात, मग शब्दशः 'तत्त्वज्ञाचा दगड' लिहायचं का? आणि जाता जाता आणखी एक: कोकणीत आपण 'हाचेपरस तें बरें' (याच्यापेक्षा ते बरं) म्हणतो, त्या 'परस'चं या परिसाशी काही नातं आहे का?

आधी मुलांची बाजू. त्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाचं नावच 'हॅरी पॉटर आणि परीस' आहे. हिंदीवाल्यांनी 'पारस पत्थर' केलं. म्हणजे मुलांनी शब्द पदरचा घातलेला नाही. पण मुख्याध्यापकांचा आक्षेपही पोकळ नाही, आणि तो समजून घ्यायचा तर परीस मुळात काय आहे ते पाहावं लागतं.

परीस म्हणजे स्पर्श. शब्दशः. संस्कृत 'स्पर्श', प्राकृतात 'फरिस', तिथून मराठीत 'परीस'; हिंदीतला 'पारस' त्याचाच भाऊ. संस्कृतात या मण्याला 'स्पर्शमणी' म्हणतात, पण नुसतं 'स्पर्श' म्हटलं तरी चालत असे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'शतश्लोकी'च्या पहिल्याच श्लोकात हा वापर आहे. सद्गुरूला त्रिभुवनात उपमा नाही. 'स्पर्शा'ची द्यावी म्हटलं, तर तो लोखंडाला सुवर्णत्व देतो खरा, पण 'स्पर्शत्व' देत नाही, असा त्याचा आशय. समर्थांनी दासबोधात सद्गुरुस्तवनात हाच मुद्दा मराठीत आणला: परीस लोखंडाला आपल्यासारखं करत नाही, आणि झालेलं सोनं दुसऱ्या लोखंडाला पालटू शकत नाही. सद्गुरूचा शिष्य मात्र पुढे अनेकांना तारतो.

या उपमेत परिसाची मर्यादा अगदी नेमकी सांगितली आहे. त्याचं गिऱ्हाईक एकच, लोखंड. कृती एकच, शिवणं. तो घडवावा लागत नाही, सापडतो किंवा कुणीतरी प्रसन्न होऊन देतो. परिसा भागवताची गोष्ट आठवा. त्याला रुक्मिणीने दिलेला परीस त्याच्या बायकोकडून नामदेवांच्या राजाईकडे जातो, नामदेव तो चंद्रभागेत टाकून देतात, आणि भागवत मागायला आला की नदीतून ओंजळभर खडे काढून दाखवतात. सगळेच परीस! या कथेत कुणालाही परिसाकडून आयुष्य वाढवून नको आहे. लोभाचा विषय सोनं, एवढंच. मरणावरचा उतारा आपल्याकडे परिसाच्या खात्यात कधी नव्हताच. ते काम अमृताचं, संजीवनीचं.

इथे थोडं विषयांतर. सत्काराच्या भाषणांत 'सरांच्या परीसस्पर्शाने आमच्या आयुष्याचं सोनं झालं' हे वाक्य हमखास येतं. व्युत्पत्ती धरली तर परीसस्पर्श म्हणजे 'स्पर्शस्पर्श'. आपण पोर्तुगीज 'पांव'ला रोटी चिकटवून 'पावरोटी' केली, त्यातलाच प्रकार. रुळलेला शब्द आहे, खोडायचं कारण नाही. वाक्य मात्र आता झिजून गुळगुळीत झालं आहे.

आता युरोपातला दगड. लॅटिनमध्ये 'लापिस फिलोसोफोरुम', आपल्या लिसेवच्या (पोर्तुगीज काळातल्या माध्यमिक शाळेच्या) पिढीला ठाऊक असलेल्या पोर्तुगीजमध्ये 'पेद्रा फिलोझोफाल'. हा सापडत नाही, भट्टीवर सिद्ध करावा लागतो. काळा, पांढरा, लाल अशा अवस्थांतून नेत नेत. आणि नाव दगडाचं असलं तरी वर्णनं बहुतेक भुकटीची आहेत. १७ व्या शतकातला फ्लेमिश वैद्य व्हान हेल्मोंट सांगतो की आपण पाहिलेली भुकटी केशराच्या रंगाची, जड आणि काचेच्या चुऱ्यासारखी चमकणारी होती. वितळलेल्या शिशात किंवा तापवलेल्या पाऱ्यात तिची चिमूट टाकायची, की सोनं. शिवायचा प्रश्नच नाही. तिच्यापासूनच आयुष्य वाढवणारा अर्क काढायचा. दोन्ही गुण एका वस्तूत, हे तिचं वैशिष्ट्य. कादंबरीतला निकोलस फ्लामेल म्हणूनच साडेसहाशे वर्षांच्या पुढे जगतो. पॅरिसचा खराखुरा फ्लामेल हा नकलनवीस होता आणि १४१८ मध्ये वारला. किमयागार म्हणून त्याची ख्याती नंतर वाढवली गेली.

मग सोनं आणि आयुष्य दोन्ही देणारी वस्तू आपल्याकडे नव्हतीच? होती, पण ती परीस नव्हे. पारा. रसशास्त्रात, म्हणजे पाऱ्याच्या जुन्या विद्येत, सिद्ध केलेल्या पाऱ्याने आधी धातू वेधायचा, म्हणजे पालटायचा, आणि मग देह. 'यथा लोहे तथा देहे' हे 'रसार्णव' या रसशास्त्राच्या ग्रंथातलं वचन त्याचं सार आहे. धातूवर पाऱ्याची परीक्षा घ्यायची, उतरला तर शरीरावर वापरायचा. माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त तर 'रसेश्वरदर्शन' हे एक स्वतंत्र दर्शन म्हणून येतं. 'फिलॉसॉफर'चा दगड म्हटल्यावर हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की आपल्याकडे पाऱ्याचं चक्क तत्त्वज्ञान होतं. (पारा आणि पारस यांचा उच्चार जवळचा म्हणून काहीजण ते एकाच मुळाचे समजतात. पारा 'पारद'चा, पारस 'स्पर्शा'चा. संबंध नाही.)

गोव्यात बसून हे लिहिताना आपल्याच नावाचा एक दगड वगळता येणार नाही. विष उतरवणारा 'बेझोआर' हा जनावराच्या पोटात तयार होणारा खडा. नाव फारसी 'पादजहर'वरून, आपण त्याला जहरमोहरा म्हणतो. पणजीच्या म्युनिसिपल गार्डनला ज्याचं नाव आहे त्या गार्सिया द ओर्ताने, १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या औषधींवरच्या ग्रंथात, या खड्यावर एक संवाद लिहिला आहे. खरा खडा दुर्मिळ आणि महाग, म्हणून १७ व्या शतकात इथल्या जेझुइट या ख्रिस्ती संघातल्या लोकांनी कृत्रिम खडे वळायला सुरुवात केली. त्यात गास्पार आंतोनियो या फ्लॉरेन्सच्या ब्रदरचं नाव मुख्य. माती, शिंपल्यांची पूड, कस्तुरी, रत्नांचा चुरा असं काय काय घालून केलेला गोळा, वर सोन्याचा वर्ख. चहात किंवा पाण्यात थोडासा खरवडून प्यायचा. युरोपात हे 'गोवा स्टोन' म्हणून गेले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात एक आहे, सोन्याच्या जाळीदार डबीत. हा आरोग्य देणारा दगड, सोनं करणारा नव्हे. उलट त्यालाच सोनं लावावं लागे. म्हणजे परीस सोन्यापुरता, गोव्याचा खडा तब्येतीपुरता.

'तत्त्वज्ञाचा दगड' मात्र नको. मध्ययुगात 'फिलॉसॉफर' म्हणजे निसर्गाची रहस्यं शोधणारा. आज मराठीत 'तत्त्वज्ञ' म्हटलं की डोळ्यांसमोर वेगळीच मूर्ती येते. इंग्रजीतही हा शब्द अडला होताच. १९९७ चं ते पुस्तक पुढच्या वर्षी अमेरिकेत निघताना, मुलं बिचकतील म्हणून 'फिलॉसॉफर'चा 'सॉर्सरर', म्हणजे जादूगार, करण्यात आला. आणि कोशात 'टचस्टोन' पाहून कुणी परीस लिहीत असेल तर तेही थांबवावं. तो सोनाराचा काळा दगड, कसोटी. ती सोनं करत नाही, सोन्याची लबाडी पकडते.

काटेकोर शब्द हवा असेल तर तो मराठीत आधीपासून आहे, फक्त आपण त्याला औषधाच्या जाहिरातीत पाठवून दिलं: 'अक्सीर'. 'अक्सीर इलाज' म्हणतो तो. अरबी 'अल्-इक्सीर' म्हणजे धातू पालटणारं द्रव्य. हाच शब्द लॅटिनमधून 'एलिक्सिर' होऊन इंग्रजीत जीवनरसासाठी रुजला. सोनं आणि आयुष्य, दोन्ही त्याच्या पोटात आहेत. त्याच परंपरेतली 'किमया' आपण ठेवली आणि 'अक्सीर'ला नुसतं विशेषण करून टाकलं. पण सातवीच्या मुलांना आज 'अक्सीर' लिहायला सांगणं म्हणजे तळटीप लिहायला लावणं.

म्हणून माझा कौल असा. हॅरी पॉटरच्या परिचयात 'परीस' राहू द्या. पहिल्यांदा येईल तिथे 'अमृत देणारा परीस' असं लिहिलं, की मुख्याध्यापकांची शंका फिटेल. त्या दगडापासून काढलेल्या रसाला नुसतं 'अमृत' म्हणा, 'जीवनामृत' वगैरे सजवू नका. युरोपच्या किमयेचा इतिहास लिहायचा असेल तर 'किमयागारांचा दगड' बरा, कारण तिथे 'परीस' वाचून वाचक स्पर्श शोधत बसेल. आणि मुलं 'फुलमेटल अल्केमिस्ट' ही जपानी कार्टून मालिका पाहत असतील तर तिथे परीस अजिबात नको. त्यातला दगड माणसांचे जीव घालून बनतो. चंद्रभागेच्या वाळवंटातल्या निरागस खड्याचं नाव त्याला देणं मला तरी पटत नाही.

राहिलं 'परस'. कोकणीतला 'हाचेपरस' आणि जुन्या मराठीतला 'त्यापरीस घरी बसलेलं बरं' हे एकच, अर्थ 'पेक्षा'. मराठीत तो आता बोलीत आणि जुन्या पुस्तकांत उरला, कोकणीत रोजचा आहे. दगडाशी त्याचं नातं नाही. ज्ञानेश्वरीत 'परियेसीं' दिसतं ते 'परिसणे'चं रूप, म्हणजे ऐकणे, तेही वेगळं. घरामागचं परसूं आणखी वेगळं.

आणि बाई, मुलांच्या लेखात लाल रेघ मारायचीच असेल तर ती 'परीसाला', 'परीसाचा' या रूपांखाली मारा. परीस दीर्घ, पण सामान्यरूपात 'रि' ऱ्हस्व: परिसाला, परिसाचा. गरीब, गरिबाला होतं तसंच.