माणसाची ओळख त्याच्या इच्छेवरून ठरते का?

तुमचा प्रश्न असा, की माणूस काय करतो यापेक्षा त्याला काय हवंय यावरून तो कोण हे ठरतं का. आमच्या वेंगुर्ल्याकडे देवासमोर तरी तसंच ठरतं. गाऱ्हाण्यात, म्हणजे देवाला घातलेल्या साकड्यात, तुमचं शिक्षण, पगार कोणी सांगत नाही. नाव झालं की थेट मागणं.

माझ्या वडलांचं मागणं मला तोंडपाठ होतं. आरवलीच्या वेतोबासमोर दरवर्षी तेच: "बा देवा म्हाराजा, ह्यां तुझां लेकरू मुंबयसून इलां हा. गावाक येवन ऱ्हवाची तेची इच्छा आसा, ती पुरी कर रे म्हाराजा!" मागून सगळे, "व्हय म्हाराजा!" मी सगळ्यांत मोठ्याने.

बाबा परळला गिरणीत साच्यावर होते. गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे. ट्रंकेच्या झाकणाला आतून त्यांनी निळ्या पेन्सिलीने काढलेला घराचा नकाशा चिकटवला होता: पडवी, माजघर, न्हाणी, विहिरीकडची पायरी. घर अजून बांधायचं होतं.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात बाबाही. परत कामावर काही घेतलं नाही. ट्रंक घेऊन गावी आले, कायमचे. याला नवस फळला म्हणायचं का, हा विषय आई आजही टाळते.

बाबांनी मात्र नवस फेडला. वेतोबाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला करून आणल्या, केळीचा घड आणला. गाऱ्हाणं घालणाऱ्याने विचारलं, "आता काय सांगूचा?" बाबा चपलांकडे बघत राहिले. मुंबईत त्यांना वेंगुर्लेकर म्हणायचे, गावात एव्हाना मुंबयकार म्हणायला लागले होते. शेवटी म्हणाले, "सगळ्यांका बरा ठेव म्हणान सांग." इतकं पुचाट मागणं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

मी नोकरीसाठी मुंबईला आलो आणि त्यांना पुन्हा मागणं सापडलं: "झील चवतीक येवंदेत," म्हणजे मुलगा गणेशचतुर्थीला येऊ दे. आवाजही जुना परतला.

आता गणपतीच्या गाडीच्या तिकिटासाठी, आरक्षण उघडतं त्या दिवशी सकाळी आठला मोबाइल धरून मी बसतो. (पूर्वी 120 दिवस आधी बसायचो, नोव्हेंबर 2024 पासून 60.) गावी येऊन राहायचंय असं ऑफिसात सगळ्यांना सांगत असतो. गेल्या वर्षी वेतोबासमोर उभा राहिलो, "काय सांगूचा?" विचारल्यावर तोंडातून निघून गेलं, "परतीचं तिकीट कन्फर्म होऊ दे."

मागून "व्हय म्हाराजा" आलं. त्यात बाबांचा आवाज नव्हता.