प्रश्न तुमचे : हेडफोनवर गोड, मंडपात कोंदट

गणपती-नवरात्र जवळ आले की गिटार प्रोसेसरविषयीची (गिटारच्या आवाजाला वेगवेगळे इफेक्ट देणाऱ्या यंत्राविषयीची) पत्रं वाढतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारख्या तक्रारींना मिळून एकच उत्तर दिलं आहे.

प्रश्न : माझ्याकडे बॉसचा जीटी-१ आहे. घरी हेडफोनवर पॅच (मशीनमध्ये साठवलेली आवाजाची सेटिंग) एकदम भारी वाजतात. मंडळाच्या कार्यक्रमात तोच पॅच गिटार अ‍ॅम्पला लावला की आवाज कोंदट येतो आणि ढोलकी-कीबोर्ड सुरू झाले की गिटार ऐकूच येत नाही. मशीनमध्ये दोष आहे का? (वाचक, सातारा)

मशीन ठणठणीत आहे. आवाज कुठे जाणार आहे, हे फक्त त्याला सांगायचं राहिलं आहे.

पॅचमध्ये अ‍ॅम्प आणि स्पीकरची नक्कल असते. हेडफोनला ती लागतेच. पण तुम्ही खऱ्या गिटार अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटला जोडता, तेव्हा नकली अ‍ॅम्प-स्पीकरमधून गेलेला आवाज पुन्हा खऱ्या अ‍ॅम्प-स्पीकरमधून जातो. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही देत नाही. अशी दोनदा चाळणी लागली की आवाज कोंदटणारच. जीटी-१ च्या मेनूत आउटपुट सिलेक्ट हा पर्याय आहे. हेडफोन, मिक्सर किंवा पॉवर्ड स्पीकरसाठी तिथे 'लाइन/फोन्स' ठेवा. अ‍ॅम्पला जोडताना जेसी-१२०, स्मॉल अ‍ॅम्प, कॉम्बो अ‍ॅम्प, स्टॅक अ‍ॅम्प यांपैकी समोर जे असेल ते निवडा. अ‍ॅम्पच्या मागे इफेक्ट्स लूपचा रिटर्न जॅक असेल तर त्यातच घाला आणि सेटिंगही 'रिटर्न'वालं घ्या. मग अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प (आवाजाला रंग देणारा पुढचा भाग) मधे लुडबुड करत नाही. उलट चूकही होते : सेटिंग अ‍ॅम्पचं आणि वायर मिक्सरला. तेव्हा डिस्टॉर्शन मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं वाजतं. ज्या प्रोसेसरमध्ये असा पर्याय नाही, तिथे अ‍ॅम्पला जोडताना पॅचमधला कॅब ब्लॉक (स्पीकरची नक्कल) बंद करा आणि मिक्सरला जोडताना चालू ठेवा.

हे झालं निम्मं. ढोलकीखाली गिटार बुडते त्याचं कारण वेगळं आहे. कमी आवाजात आपल्या कानाला खर्जाचा आणि टिपेचा भाग कमी ऐकू येतो. म्हणून रात्री घरी हळू आवाजात पॅच बनवताना बास आणि ट्रेबल वाढवले जातात, मिड खाली जातं. मंडपात मोठ्या आवाजावर बास बोंबलतो, ट्रेबल कानात घुसतं आणि गिटार ज्या मिडमध्ये राहते ते आपणच काढून टाकलेलं असतं. त्यामुळे पॅच प्रत्यक्ष वाजवण्याच्या आवाजाला लावायचा. मंडळाचा स्पीकर एका दुपारी तासभर मिळाला तरी काम होतं. सुरुवात अशी करा : कॅबनंतर इक्यू (सुरांचे पट्टे कमी-जास्त करणारा इफेक्ट) घेऊन ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, ५ ते ६ किलोहर्ट्झच्या वरचं कापा, ५०० ते १००० हर्ट्झच्या दरम्यान २-३ डेसिबल वाढवा. गेन (आवाज फाडण्याचं प्रमाण) घरच्यापेक्षा एक तृतीयांश कमी, रिव्हर्ब (घुमारा) निम्मा. एकट्याने ऐकताना हा पॅच कोरडा, थोडा नाकात बोलल्यासारखा वाटेल. वाटू द्या, बँडमध्ये तोच उठून दिसतो.

प्रश्न : प्रोसेसरच्या हेडफोनच्या जॅकमधून स्टिरिओ केबलने मिक्सरला जोडलं. गिटार गायब, नुसता रिव्हर्बचा घुमारा ऐकू येतो. साउंडवाले म्हणाले, मशीन गेलं. (वाचक, कोरेगाव)

साउंडवाल्यांवर रागावू नका, पण मशीन गेलेलं नाही. हेडफोनच्या जॅकमध्ये टोकाला डावा आवाज असतो आणि मधल्या रिंगला उजवा. मिक्सरचं बॅलन्स्ड इनपुट मात्र टोकातून रिंग वजा करतं. हम (विजेची घूं) घालवण्याची त्याची पद्धतच ती आहे. मूळ गिटार डाव्या-उजव्या दोन्हीकडे सारखीच, म्हणून वजाबाकी शून्य. स्टिरिओ रिव्हर्ब दोन्हीकडे वेगळा, म्हणून तेवढाच उरतो.

आउटपुटवर 'एल/मोनो' लिहिलेला जॅक असेल तर साधी मोनो केबल त्यात घाला, 'आर' रिकामा ठेवा आणि डीआय बॉक्समधून (साध्या केबलचा आवाज माइकच्या बॅलन्स्ड केबलला जुळवणाऱ्या डबीतून) मिक्सरला द्या. मंडपात मिक्सर २०-२५ मीटर लांब असतो. तेवढी लांब साधी गिटार केबल टाकली तर वाटेतली सगळी खरखर गोळा होते. डीआय बॉक्स स्टेजवर प्रोसेसरजवळ ठेवा आणि पुढे माइकची एक्सएलआर केबल न्या. फक्त हेडफोनचाच जॅक असेल तर एका स्टिरिओ पिनेच्या दोन मोनो पिना होणारी वाय केबल घ्या आणि दोन चॅनेल वापरा, एक पॅन डावीकडे, एक उजवीकडे. झूम जी१ फोरसारख्या काही मशीनमध्ये आउटपुट आणि हेडफोन मिळून एकच जॅक असतो. तिथे अ‍ॅम्पसाठी मोनो केबल चालते, त्याची रचनाच तशी आहे.

प्रश्न : घाईत राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर प्रोसेसरला लागला. आता मूळ अडॅप्टर लावूनही मशीन चालू होत नाही. दुरुस्त होईल का? (वाचक, सांगली)

आधी चार पेन्सिल सेल घालून बघा (मशीनला बॅटरीचा कप्पा असेल तर). सेलवर चालू झालं तर जीव वाचला आहे, बिघाड अडॅप्टरच्या वाटेवर आहे.

घोळ फक्त व्होल्टचा नाही. गिटारच्या बहुतेक प्रोसेसर-पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि त्यात पिनेच्या आतल्या बाजूला निगेटिव्ह असतो. राउटरच्या अडॅप्टरमध्ये सहसा आत पॉझिटिव्ह असतो. पिनेचा आकार मात्र तोच, त्यामुळे बिनबोभाट आत जाते. उलटा करंट आला की जॅकजवळचा संरक्षक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) स्वतः शॉर्ट होऊन पुढच्या सर्किटला वाचवतो, काही मशीनमध्ये शेजारचा फ्यूजही उडतो. मोबाइल किंवा टीव्ही दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराला मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून जॅकजवळचा डायोड तपासायला सांगा. मीटर दोन्ही दिशांना 'टीं' वाजला तर डायोड गेला. तो बदलणं हे चिल्लर काम आहे. सेलवरही मशीन हूं की चूं करत नसेल, तर नुकसान रेग्युलेटरपर्यंत (व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या भागापर्यंत) किंवा मुख्य चिपपर्यंत गेलेलं असू शकतं. मग खर्चाचा अंदाज घेतल्याशिवाय हात घालू नका.

नवा अडॅप्टर घेताना तीन गोष्टी जुळवा : ९ व्होल्ट, आत निगेटिव्हची खूण, आणि मिलिअँपिअर मशीनच्या गरजेइतके किंवा जास्त. जीटी-१ ला २०० पुरतात, जी१ फोरसाठी ५०० मिलिअँपिअरचा अडॅप्टर सांगितलेला आहे. मिलिअँपिअर जास्त असल्याने काही बिघडत नाही, कमी पडले तर मशीन मधेच बंद पडून पुन्हा चालू होतं.

प्रश्न : लॅपटॉपला यूएसबीने जोडलं की 'घूंऽऽ' सुरू होतं. लॅपटॉपचा चार्जर काढला की थांबतं. (वाचक, कराड)

निदान तुम्हीच केलं आहे. चार्जर, लॅपटॉप, यूएसबी, प्रोसेसर, अ‍ॅम्प आणि पुन्हा भिंतीतलं अर्थिंग असं वर्तुळ पूर्ण होतं आणि ५० हर्ट्झचा हम त्यात फिरत राहतो. रेकॉर्डिंगपुरता लॅपटॉप बॅटरीवर ठेवा. ते जमत नसेल तर सगळ्या वस्तू एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, किंवा मिक्सरला जोडत असाल तर वाटेत डीआय बॉक्स घालून त्याचा ग्राउंड लिफ्ट (अर्थची जोडणी तोडणारं बटण) दाबा. थ्री-पिनची अर्थची पिन मोडू नका. हम जातो, पण सुरक्षाही जाते. पावसात ओल्या मंडपात लोखंडी स्टँडच्या माइकला ओठ लागले की शॉक बसू शकतो.

लॅपटॉप नसतानाही हम येत असेल तर गिटार हातात धरून जागच्या जागी फिरा. दिशेप्रमाणे हम कमी-जास्त झाला तर तो सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपचा आहे. तारांना हात लावल्यावर थांबत असेल तर तो शिल्डिंगचा प्रश्न. गिटारचा व्हॉल्यूम शून्य केल्यावरही येत असेल तर तो प्रोसेसर किंवा पुढच्या वायरींमधला. मंडपातल्या लाइटच्या डिमरचा आणि साउंडचा बोर्ड एकच असेल तर मंडळाला विनंती करून दोन वेगळे करून घ्या.

नॉइज गेट (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) शेवटी. तोही आधी गिटार न वाजवता थ्रेशोल्ड (ती पातळी) हळूहळू चढवून जिथे खरखर थांबते तिथेच थांबा. त्याच्या वर गेलात तर लांबवलेला सूर मधेच तुटेल.

प्रश्न : सतारीला चिकटवायचा पिएझो पिकअप (कंपनांची वीज करणारी चकती) लावला आहे. मिक्सरच्या लाइन इनपुटला लावल्यावर आवाज पत्र्यासारखा येतो. गिटारचा प्रोसेसर मधे घातला तर चालेल का? (वाचक, मिरज)

चालेल, आणि मिरजेत तर हा प्रयोग व्हायलाच हवा. पत्र्यासारखा आवाज सतारीचा नाही. पिएझोची चकती विजेच्या दृष्टीने कपॅसिटर असते. समजा ती १५ नॅनोफॅरडची आहे आणि लाइन इनपुट १० किलोओहमचं. तर साधारण १००० हर्ट्झच्या खालचा आवाज गळायला लागतो, म्हणजे जोडाच्या तारा आणि खर्ज जवळजवळ गेलाच. तीच चकती १ मेगाओहमच्या इनपुटला लावली की ही सीमा १० हर्ट्झवर येते. गिटारच्या प्रोसेसरचं इनपुट साधारण याच घरातलं असतं, त्यामुळे निम्मा रोग नुसत्या जोडणीनेच बरा होतो.

पॅच कोरा घ्या. अ‍ॅम्प आणि कॅब बंद, डिस्टॉर्शनचा विषयच नाही. नॉइज गेटही बंदच, कारण तरफांची (आपोआप गुंजणाऱ्या तारांची) झंकार तो खरखर समजून कापून टाकतो. आधी इक्यू : ६० हर्ट्झच्या खालचं कापा (तबल्याची थाप स्टेजच्या फळीतून येते), २.५ ते ३.५ किलोहर्ट्झच्या आसपास ३-४ डेसिबल उतरवा, तिथे पिएझोचा कचकच असतो. कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा इफेक्ट) लावलाच तर अगदी हलका, २ : १ च्या पुढे नको. नाहीतर मींडेचा चढ-उतार सपाट होतो आणि झाल्यात चिकारी पुढे येऊन बसते. शेवटी थोडा हॉल रिव्हर्ब. फीडबॅक आला तर तो बहुधा भोपळ्याच्या घुमण्याचा असतो : अरुंद इक्यू ६ डेसिबल वर करून १०० ते ३०० हर्ट्झमध्ये हळू फिरवा, जिथे घूं वाढेल तिथेच तेवढं खाली करा. हे करताना मॉनिटरचा आवाज कमी ठेवा. चकतीची जागा घोडीजवळच्या तबलीवर बोटाबोटाने सरकवून बघा. इक्यूपेक्षा त्या सरकवण्याने जास्त फरक पडतो. कायमचं चिकटवायची घाई नको, आणि पॉलिशला धक्का लागू द्यायचा नसेल तर कारागिराला विचारूनच चिकटवा.

प्रश्न : पॅच बदलताना क्षणभर आवाज तुटतो आणि डिलेची (प्रतिध्वनीची) शेपूटही कापली जाते. (वाचक, वाई)

दुसरा पॅच घेताना प्रोसेसर आधीची सगळी साखळी सोडून नवी भरतो, तो क्षण ऐकू येतो. काही मशीनमध्ये शेपूट चालू ठेवण्याचं सेटिंग असतं, मेनूत 'कॅरी ओव्हर' किंवा 'स्पिलओव्हर' नावाने शोधा. नसेल तर एका गाण्याला एकच पॅच ठेवा आणि सोलोसाठी ओव्हरड्राइव्ह-डिले कंट्रोल स्विचला देऊन चालू-बंद करा. पॅच गाण्यांच्या क्रमाने ओळीने लावा, म्हणजे अंधारात वाकून आकडे वाचावे लागत नाहीत.

प्रश्न : डिलेचा वेळ गाण्याच्या लयीला कसा जुळवायचा? (वाचक, फलटण)

६०००० भागिले बीपीएम (मिनिटातले ठोके). १२० बीपीएमला एक ठोका ५०० मिलिसेकंद. त्याचा पाऊण केला की ३७५, तो लोकप्रिय 'उड्या मारणारा' डिले. ९६ बीपीएमला ६२५ आणि साधारण ४६९. टॅप टेम्पो पायाने देत असाल तर ढोलकीच्या बोलांवर नाही, टाळीवर द्या.

प्रश्न : एक्स्प्रेशन पेडल (पायाने आवाज कमी-जास्त करायचं पेडल) निम्म्यावरच पूर्ण उघडतं. (वाचक, विटा)

कॅलिब्रेशन करा : मेनूतून पर्याय निवडून टाच पूर्ण दाबा, मग पंजा पूर्ण दाबा, सेव्ह करा. बाहेरून जोडलेलं पेडल असेल तर केबल स्टिरिओ पिनेचीच हवी. मोनो पिनेने रिंग ग्राउंडला शॉर्ट होते. कंपन्यांच्या वायरिंगमध्ये टोक आणि रिंग उलटसुलट असू शकतात, तेव्हा एकाचं पेडल दुसऱ्याला चालेलच असं नाही.

प्रश्न : सेकंडहँड प्रोसेसर घेताना काय बघावं? (वाचक, सांगली)

गिटार, स्वतःची केबल आणि हेडफोन घेऊनच जा. प्रत्येक फूटस्विच १५-२० वेळा दाबा. एकदा दाबल्यावर दोन पॅच पुढे गेला तर आतला छोटा टॅक्ट स्विच झिजला आहे. तो बदलता येतो, पण किंमत पाडायला कारण मिळालं. जॅकमध्ये पिन हलवून कटकट ऐका. बॅटरीचा कप्पा उघडा : स्प्रिंगवर हिरवट-पांढरी पूड दिसली तर सेल आत फुटलेले आहेत, ती बोर्डापर्यंत गेली असेल तर सौदा सोडा. लॅपटॉप नेला असेल तर यूएसबीवर मशीन ओळखलं जातं का तेही पाहा, तो जॅक बोर्डावरून उखडण्याचं प्रमाण बरंच आहे. जुन्या मालकाचे पॅच ऐकून भाळू नका. त्याच्यासमोरच फॅक्टरी रीसेट मारा, दहा मिनिटं वाजवा आणि मगच पैसे द्या.