अमेरिकेतला डेमोक्रॅटिक पक्ष पुरोगामी उमेदवारांना जिंकू देतो का?

अडवू शकतो असं सरसकट म्हणता येणार नाही, पण वाट सोपीही करत नाही. २०२० मध्ये अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीत (पक्षांतर्गत निवडणुकीत) पुरोगामी सिनेटर बर्नी सँडर्स सुरुवातीला आघाडीवर होते. साउथ कॅरोलिनात कृष्णवर्णीय मतदारांनी बायडेनना भरभरून मतं दिली, लगेच स्पर्धेतल्या बुटिजेज आणि क्लोबुचर यांनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला आणि ‘सुपर ट्यूजडे’ला (या एकाच दिवशी अनेक राज्यांत प्रायमरी होतात) पारडं फिरलं. याला कट म्हणा की राजकारण (मला राजकारणच वाटतं), मतं शेवटी लोकांचीच होती.

उलट २०१८ मध्ये पुरोगामी ओकासिओ-कॉर्टेझ यांनी पक्षातल्याच क्राउलींसारख्या बड्या खासदाराला प्रायमरीत पाडलं. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या प्रायमरीत पुरोगामी ममदानींनी माजी गव्हर्नर कुओमोंना हरवलं, तरी पक्षाचे सिनेटमधले नेते शूमर यांनी पाठिंबा जाहीर केलाच नाही. ममदानी तरीही महापौरपदी निवडून आले.