'फ्यू', 'अ फ्यू' आणि आपला 'च'

मैत्रिणीने विचारलंय, 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यात नक्की कितीचा फरक असतो, मुलीचे पेपरात त्यावर मार्क गेलेत. आणि ऑफिसात अमेरिकेतला माणूस 'अ कपल ऑफ डेज' म्हणतो तेव्हा दोनच दिवस धरायचे का?

आकड्याचा फरक नसतोच. समजा हळदीकुंकवाला पाच बायका आल्या. 'चला, पाच जणी तरी आल्या' असं वाटलं तर 'अ फ्यू', आणि 'पाचच आल्या गं' असं वाटलं तर नुसतं 'फ्यू'. बायका तेवढ्याच, बोलणारीच्या मनात काय आहे ते बदललं. इंग्रजीत हे काम तो एवढासा 'अ' करतो, मराठीत 'च' करतो, फक्त उलट्या बाजूने, म्हणजे त्यांच्याकडे 'अ' काढला की कमतरता दिसते आणि आपल्याकडे 'च' लावला की. शाळेत 'थोडे', 'काही' असे अर्थ पाठ करून घेतात त्याने मुलांना काही कळत नाही, कारण मराठीत 'थोडे' दोन्हीकडे चालतं. त्यापेक्षा मुलीला सांग, वाक्य मराठीत म्हणून बघ, 'थोडेच', 'मोजकेच' चपखल बसतंय का? बसलं तर 'अ' नको. 'लिटल' आणि 'अ लिटल'चं पण सेमच, फक्त ते मोजता न येणाऱ्या गोष्टींना. थोडंच दूध उरलंय म्हणजे चहा होणार नाही, थोडं दूध आहे म्हणजे दोन कप होईल.

हा 'अ' गाळायची सवय आपल्याकडे फार आहे आणि मला ती खरंच खटकते, कारण त्याने अर्थ उलटा होतो. 'आय हॅव फ्यू डाउट्स' असं आपण मेलमध्ये बिनधास्त लिहितो, आपल्याला म्हणायचं असतं की मला काही शंका आहेत, जरा बोलूया, आणि वाचणारा इंग्रज समजतो की याला फारशा शंकाच नाहीत, मग तो खुशाल पुढे जातो. नुसत्या 'फ्यू'मधला हा तुटवडा ऐकायचा असेल तर चर्चिलचं २० ऑगस्ट १९४० चं पार्लमेंटमधलं भाषण आठव, इतक्या जणांवर इतक्या मोजक्यांचे इतके उपकार कधी झाले नव्हते, अशा अर्थाचं, शेवटी 'सो फ्यू'. तेव्हा जर्मन विमानांशी ब्रिटनच्या आकाशात जी लढाई ('बॅटल ऑफ ब्रिटन') चालू होती, तिच्यात ब्रिटनच्या बाजूने लढलेल्या वैमानिकांना तेव्हापासून 'द फ्यू'च म्हणतात.

आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे कमी नाही हं, बरेच! 'चांगले पंधरा-वीस जण होते' यातलं 'चांगले' जे करतं तेच तिथलं 'क्वाइट' करतं.

आता 'कपल'. मूळ लॅटिन 'कोप्युला', म्हणजे बंध, जोडणारी गोष्ट, फ्रेंचमधून इंग्रजीत आला. म्हणून माणसांच्या बाबतीत कपल म्हणजे जोडपं, दोनच. पण दिवस, मिनिटं, कामं आली की तो सैल होतो, दोन किंवा तीन काहीही. यात त्यांना नावं ठेवू नये, आपण 'दोन मिनिटांत आलो', 'दोन घास खाऊन जा' म्हणतो तेव्हा कुठे मोजतो? मला विचारशील तर 'दोनेक दिवस' हे त्याचं सगळ्यात नेमकं मराठी, हा 'एक' प्रत्यय (दहाएक, शंभरेक) फार गुणी आहे, हल्ली मुलांच्या बोलण्यात तो कमी ऐकू येतो याचं वाईट वाटतं. डेडलाइन असेल तर मात्र सरळ तारीख विचारून घे.

जाता जाता 'सेव्हरल'. याला सरसकट 'अनेक' लिहितात, पण आज 'अनेक' ऐकलं की कानाला ढीगभर वाटतं आणि सेव्हरल तेवढा मोठा नसतो, 'चार-पाच', 'बरेच' यांच्या आसपास कुठेतरी. गंमत म्हणजे 'अनेक'चा मूळ अर्थही नुसता 'एक नव्हे' एवढाच. आणि सेव्हरलचा मूळ अर्थ वेगवेगळा, सुटा. तो अजून कर्जाच्या कागदांवर जिवंत आहे, 'जॉइंटली अँड सेव्हरली', म्हणजे सगळे मिळून जबाबदार आणि प्रत्येक जण एकटाही पूर्ण रकमेला जबाबदार. जामीन राहताना तो शब्द दिसला तर सही करायच्या आधी परत वाच.