पॅसामाक्वॉडी नेत्यांची भाषणं वर्गात कशी शिकवावीत?

आठवीच्या मुलांना अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या पॅसामाक्वॉडी या आदिवासी जमातीची राजकीय भाषणं शिकवायची आहेत, तर सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. मी मेन राज्यातच समाजशास्त्र शिकवते. इथल्या आदिवासींचा इतिहास शाळेत शिकवायचा कायदा २००१ मध्ये झाला, त्यामुळे हा विषय दरवर्षी माझ्या वाट्याला येतो.

१८८७ पासून सुरू करा. त्या वर्षी जमातीचा प्रतिनिधी लुईस मिचेल मेनच्या विधिमंडळासमोर बोलला. वाचायच्या आधी मुलांना एवढंच सांगा की या माणसाला मत नव्हतं. जमातीच्या प्रतिनिधीला ते आजही नाही; त्याने सभागृहात बसावं, बोलावं, पण विधेयकावर मत देऊ नये!

मुलांना वाटतं, आता गयावया ऐकायला मिळणार. मिचेल मात्र पहिल्याच वाक्यात हिशेबाची वही उघडतो: आम्ही तुमच्यासाठी काय केलं, तुम्ही आमच्याशी कसे वागलात, आम्ही तुमच्याशी कसे वागलो. इंग्रजांशी लढताना तुम्ही आमच्याकडे मदत मागायला आलात, इथून तो १७९४ च्या करारावर येतो. करार मॅसॅच्युसेट्सशी झालेला, कारण मेन १८२० पर्यंत त्याचाच भाग होतं. सुमारे २३,००० एकर जमीन आणि सेंट क्रॉय नदीतली बेटं जमातीला राखून दिलेली. मी वहीत दोन रकाने आखायला लावते: ठरलं काय, उरलं काय. याला अख्खा तास जातो, जाऊ द्या.

मग राज्यघटनेची गंमत सांगा. मॅसॅच्युसेट्सची आदिवासींविषयीची बंधनं मेनने स्वीकारली, असं घटनेत लिहिलेलं होतं. १८७६ पासून ते कलम लागू ठेवून छापील प्रतीतून गाळलं. म्हणजे मिचेल बोलायला उभा राहिला तेव्हा ते कलम छापील घटनेत कुणाला दिसतच नव्हतं. ते पुन्हा छापावं असा कौल मतदारांनी दिला २०२३ मध्ये.

एक सूचना. 'टोळी' आणि 'टोळीप्रमुख' हे शब्द फळ्यावर लिहू नका, मराठीत त्यांना दरोडेखोरांचा वास येतो. सिपायिक आणि इंडियन टाउनशिप या पॅसामाक्वॉडींच्या दोन्ही वस्त्या आपापला प्रमुख मतदानाने निवडतात, हे सांगितलं की पिसांचा मुकुट मुलांच्या डोक्यातून आपोआप उतरतो.

शेवटच्या तासाला मार्च २०२३ ची भाषणं ऐकवा. वाबानाकी जमातींचे (पॅसामाक्वॉडी आणि त्यांच्या नात्यातल्या शेजारी जमातींचे) प्रमुख तेव्हा विधिमंडळासमोर एकत्र बोलले, २००२ नंतर प्रथमच. मिचेलसाठी आखलेले दोन रकाने समोर ठेवूनच ऐकायला सांगा.